नत्थुजीची धोकटी आणि सद्वर्तनाचं बक्षीस

जुने शहर, अकोला
माघ वद्य पंचमी, शके १८४५

चिरंजीव कमलाकांत यास गोदाताईचे पोटभर आशीर्वाद. इकडे सगळे धडधाकट आहेत. तुझ्या पोटाचं कसं आहे? वकिलीत जेवणाच्या वेळा चुकतात, तेव्हा ओव्याची पूड नेमाने घे. (घेत नसशील, ठाऊक आहे.)

रविवारी तू आमच्या मुलींच्या शाळेत बक्षिसं वाटायला येतोस असं कळलं. त्याआधी आमच्या घरचं प्रकरण माझ्याकडून ऐक, कारण गावाकडून ऐकशील तर त्यात आमची सिंधू दरोडेखोर निघेल.

देवीदास, माझा पुतण्या, गेला तेव्हा त्याची बायको सुभद्रा तापाने फणफणली होती, म्हणून तिचं केशवपन राहून गेलं. (देवीदासच्याच शाळेच्या पुस्तकांवर मी वाचायला शिकले. ती अजून कोनाड्यात आहेत.) तीन महिन्यांपूर्वी वर्षश्राद्ध झालं आणि माझ्या दिरांना, भगवंतरावांना, ते आठवलं. सून सतरा वर्षांची, लोक काय म्हणतील! नत्थुजी न्हावी परसात येऊन बसला, वाटीत पाणी घेतलं, सुभद्रेला पाटावर आणलं. तेवढ्यात देवीदासची बहीण सिंधू, वय वर्षं तेरा, आली, नत्थुजीची धोकटी उचलली आणि वस्तरा-कातरीसकट मोर्णेकडे पळाली. मागे भाऊजी सोवळ्यात, त्यांच्यामागे नत्थुजी, मग गल्लीतली निम्मी पोरं आणि एक कुत्रं. नदीला पाणी गुडघाभर. धोकटी बुडेना, तर ही पाण्यात उतरून तिच्यावर उभी राहिली! न्हाव्याच्या धोकटीला हात लावला तर सोवळं मोडतं, म्हणून भाऊजी काठावरूनच ओरडले, "बाहेर ये, कार्टे!" ही म्हणाली, "वैनीच्या केसाले हात लावणार नाई म्हना, मंगच येईन."

नत्थुजीने जाहीर केलं की वस्तरा गाळात गेला, नवा नागपूरहून येईल. बारा दिवस गल्लीतले पुरुष खुंट वाढवून हिंडले. भाऊजी पूजेला गेले की यजमान हळूच विचारत, "गुरुजी, सुतक कोणाचं?" पहिल्या दिवशी ते चिडले. तिसऱ्या दिवशी घरी येऊन खुंटीवरच्या देवीदासच्या टोपीकडे बघत बसले. मी वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं. त्यानंतर केशवपनाचं नाव त्यांनी काढलेलं नाही.

आता बक्षिसाचं. शाळेच्या बाईंनी सद्वर्तनासाठी सिंधूचं नाव लिहिलं होतं. समितीने खोडलं. दुसऱ्याची वस्तू नदीत टाकणारी मुलगी सद्वर्तनी कशी? तिच्याऐवजी जिचं नाव घातलंय ती वर्षभर कोणाला वाईट बोललेली नाही. चांगलंही बोललेली नाही. ती बोलतच नाही.

माझं केशवपन झालं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. तू बाबांबरोबर आला होतास, नऊ वर्षांचा, परसदाराशी उभा होतास. तुला दोष देत नाही. त्या परसात अकरा मोठी माणसं होती, त्यांनाही देत नाही. ती सगळी सद्वर्तनीच होती.

तेव्हा रविवारी सिंधूचं नाव घे आणि कशासाठी ते खणखणीत सांग. हजेरी, टापटीप असलं काही त्याला चिकटवू नकोस. तू घेतलं नाहीस तर मी उभी राहून घेईन. लाल आलवण नेसून पहिल्या रांगेत बसणार आहे. अपशकुन म्हणून ज्याला उठवायचं असेल त्याने यावं.

तुझी
गोदाताई

ता. क. नत्थुजीला मी विचारलं, एवढं नुकसान झालं, मग तक्रार काहून नाही केली? म्हणाला, "माय, चांगला वस्तरा घरीच होता. पोरीनं सकाळीच सांगून ठेवलं होतं मले." मग गल्लीच्या दाढ्या बारा दिवस काहून ठेवल्या? "हात दुखून राहिला होता," म्हणाला. हे समितीला सांगू नकोस.

आणखी एक. येताना एक लाकडी फणी आण. सुभद्रेकडे तिची आहे, ही मला हवी. मीही तीन महिने नत्थुजीला दारातून परत पाठवते आहे. भाऊजींना अजून कळलेलं नाही, पदर आहे ना. दोन बोटं वाढलेत.