उजव्या टोकाची खुर्ची

प्रिय फुंक्या,

पत्र बघून दचकू नकोस, घरचे सगळे ठणठणीत आहेत. फोनच करणार होते, दोनदा उचललाही. पण फोनवर मी थट्टेवर उतरते आणि मुख्य गोष्ट राहून जाते, हे तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे. शिवाय या वेळी तुला तोंड दाखवायचं सोड, आवाज ऐकवायचीही लाज वाटतेय. आई म्हणाली, तू बँड सोडतोयस. क्लॅरिनेटची पेटी कपाटावर चढवलीस, वर जुनी पांघरुणं टाकलीस आणि कुणी विचारलं की बोट सुजलंय म्हणून सांगतोस. आईला ते खरं वाटतंय, ती बिचारी तुझ्या मागे गरम पाण्याचं भांडं घेऊन फिरते. मला मात्र ऐकताक्षणी कळलं, सूज कुठे आहे आणि घाव कुणाचा आहे ते. तो निरोप मीच पाठवला होता ना! ‘बाकी सगळे आहेत, तूच कुठे नाहीस. तू नसतास तरी काही बिघडलं नसतं.’ जेवणाच्या सुट्टीत, एका हाताने डब्याचं झाकण लावता लावता लिहिलं होतं. तू उलट फक्त ‘बरोबर आहे’ एवढंच लिहिलंस. आणि मी शहाणी, मला वाटलं, चला, पटलं याला.

थोडं मागून सांगते. तू बँडमध्ये गेलास तेव्हा मी गावभर केलं की माझा भाऊ रॉक वाजवतो. मग तू मला सुधारलंस. नुसता रॉक नाही, प्रोग्रेसिव्ह रॉक. आणि त्यातलाही राजरस्ता नाही, चेंबर रॉक नावाची आडवाट, जिथे गिटारी जवळपास नसतात आणि व्हायोलिन, क्लॅरिनेट असली सभ्य घरातली वाद्यं ड्रमच्या खांद्याला खांदा लावून भांडतात. मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातंय? तू दिलेलं पहिलं रेकॉर्डिंग घरी लावलं, तर तुझे भावोजी आतून धावत आले, काय पडलं म्हणून. आता सांगायला हरकत नाही, मलाही तसंच वाटलं होतं. ताल धरायला जावं तर तो सातावर संपतो, साताची सवय होते न होते तोच पाचावर. सुराशी जरा ओळख होतेय म्हणावं, तर तो पसार. तुला मात्र मी कळवलं की अप्रतिम आहे, अंगावर काटा आला. काटा आला होता, ते खोटं नाही.

पण मी सोडलं नाही, एवढं श्रेय मला दे. या संगीताचे वेडे लोक इंटरनेटवर काय काय लिहितात ते मी वाचून काढलं. एकाचा सल्ला असा की थेट चेंबर रॉकमध्ये उडी मारू नये, आधी सिम्फोनिक प्रोग नावाच्या सोप्या पायऱ्या चढाव्यात. चढले. ते बरं होतं. लांबलचक गाणी, भरपूर कीबोर्ड, मधेच बासरी. भाजी चिरून, फोडणी देऊन, कुकरच्या शिट्ट्या झाल्या तरी गाणं चालूच. त्यातली काही तर मी गुणगुणायलाही लागले. मग वरची पायरी म्हणून पुन्हा तुमच्या वाटेला गेले आणि कपाळमोक्ष! बसमध्ये बोटांवर मात्रा मोजत बसायचे, तर शेजारची बाई एकदा माझ्याकडे बघून हळूच पलीकडच्या सीटवर जाऊन बसली. कुणी लिहिलं होतं, तिसऱ्यांदा ऐकलं की दार उघडतं. माझं दहाव्यांदाही उघडलं नाही. कडी आतूनच असणार, असं म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून लावायचे.

एवढा आटापिटा कशासाठी, तर तू फुंक्या म्हणून. बाटली, पेनचं टोपण, किल्लीचं भोक, तू फुंकली नाहीस अशी वस्तू घरात नव्हती. आणि दुसऱ्या खोलीत बसून, ही तेलाची बाटली, ही औषधाची, हे ओळखणारी मी होते. जिन्यावरच्या पावलांवरून कोण आलं ते सांगायचे, वर तो चिडलाय की दमलाय हेही. ताईच्या कानातून काही सुटत नाही, हे आपल्या घरातलं ब्रह्मवाक्य. तुझी शाळेत वाहवा व्हायची तेव्हाही तू आधी माझ्याकडे बघायचास, मी काय म्हणते म्हणून. मला तो मान फार आवडायचा रे. अजून आवडतो, आणि सगळं घोडं तिथेच पेंड खातंय.

तर तू नवीन रेकॉर्डिंग पाठवलंस. लोकांसाठी प्रसिद्ध करण्याआधीचं शेवटचं. सोबत लिहिलंस की कौतुक ऐकून कंटाळा आलाय, सगळे वा वा करतात, ताई, एकदा तरी खरं सांग, कान तुझा आहे. मी ते फार मनावर घेतलं. ऑफिसात ऐकायचं ठरवलं, कारण तिथे मी चिकाटीने ऐकते. तुला माहितीये आमची टायपिंगची खोली. डॉक्टर लोक रुग्णांचे अहवाल बोलून ठेवतात आणि आम्ही हेडफोन लावून ते टाइप करतो. शब्द कळला नाही की पायाखालचं पेडल दाबायचं, आवाज मागे जातो. एक डॉक्टर बिस्किटं खात बोलतात, एक जांभया देत. त्यांनी गिळलेले शब्द अंदाजाने ओळखायचे, हीच आमची भाकरी. गिळलेलं यकृत मी अचूक ओळखते, तिथे सख्ख्या भावाचं वाजवणं कळणार नाही होय?

सुट्टीत हेडफोन लावले. मध्ये ड्रम आणि बेस. व्हायोलिन आलं, काहीतरी विचारल्यासारखं वाजलं आणि थांबलं. मग शांतता. ड्रम नुसता हळू टकटकतोय. पुन्हा व्हायोलिनने विचारलं, पुन्हा शांतता. आणि फुंक्या, पहिल्यांदाच मला हे संगीत आवडलं! या प्रकारात मोकळ्या जागांना फार महत्त्व असतं, असं मी कुठेतरी वाचलंही होतं. कुणीतरी विचारतंय आणि समोरून उत्तर येत नाही, तरी विचारणं थांबत नाही. माझे डोळे भरून आले. शेजारच्या टेबलावरच्या बाईला मी त्या शांततेवर व्याख्यान दिलं. ती आधीच मला गर्विष्ठ समजते, त्या दिवशी तिची खात्री पटली असेल. फक्त तू सापडेनास. मधेच कुठेतरी, भिंतीपलीकडे कुणी सराव करत असावं, इतपत काहीतरी यायचं. मला तुमच्या त्या व्हायोलिनवाल्याचा रागही आला, माझ्या भावाला दाबतो म्हणून. त्या रागाच्या भरात तो निरोप लिहिला. इतकी वर्षं तुला खोटं सांगितलं ते तुला पचलं आणि एकदा खरं सांगायला गेले, तर हे असं झालं.

परवा रविवारी आम्ही मायलेकी स्वयंपाकघरात मटार सोलत होतो. तुझ्या भाचीने खिडकीतल्या त्या चौकोनी छोट्या स्पीकरवर तुमचं रेकॉर्डिंग लावलं. व्हायोलिनने विचारलं. मी शांततेची वाट बघत हात थांबवला आणि उत्तर आलं. क्लॅरिनेट. जाडसर, जरा रुसलेलं, लहानपणी तुला दुकानात पिटाळलं की तू ‘जातो’ म्हणायचास ना, अगदी तसं. पुन्हा प्रश्न, पुन्हा तू. एकदा तर तू त्याला प्रश्न पुरा करूच दिला नाहीस. मी तिला म्हटलं, हे दुसरंच कुठलं लावलंस. ती म्हणाली, मामाने पाठवलेलं तेच आहे. मी हेडफोन आणून लावले, तर तू गायब. उलटे करून लावले, तर तूच तू, आणि व्हायोलिन गायब. मांडीवरचं ताट कधी कलंडलं कळलं नाही, मटार पार फ्रीजखाली गेले. लेकीने मठ्ठ विद्यार्थ्याला समजवावं तसं मला समजावलं. व्हायोलिन एका बाजूला ठेवलंय, क्लॅरिनेट दुसऱ्या बाजूला, मामा म्हणालाच होता, समोरासमोर बसून बोलल्यासारखं वाटायला हवं म्हणून. त्या छोट्या स्पीकरमध्ये दोन्ही बाजू एकत्र होतात. मग तिने विचारलं, आई, तुला एका बाजूचं ऐकूच येत नाही का?

तर ते सांगायलाच हे पत्र लिहिलंय. मला उजव्या कानाने ऐकू येत नाही. मागच्या वर्षीच्या त्या तापानंतर गेलं. डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले, आता परत यायचं नाही. मी हे कुणालाच सांगितलं नाही, भावोजींनासुद्धा. म्हणूनच मी जेवताना टेबलाच्या कोपऱ्यात बसते. म्हणूनच रस्त्यात तुझ्या उजवीकडून चालते आणि तू मला अंगरक्षक म्हणून चिडवतोस. ऑफिसातली ती बाई माझ्या उजवीकडे बसते, तिला बिचारीला मी ओ देत नाही. टाइप करायला एक कान पुरतो, म्हणून निभावून नेलं. नोकरीची भीती होती, पण ते निमित्त. खरं म्हणजे ताईच्या कानातून काही सुटत नाही, हे वाक्य मला सोडवेना. ते राखायला मी तुझा बळी दिला, आणि मला जी शांतता इतकी आवडली, ती तूच होतास रे. आता पेटी खाली काढ. बँडवाल्यांना सांग, बोटाची सूज उतरली. तुमच्या कार्यक्रमाला मी येणार आहे, सगळं कळेल असं मुळीच नाही, अजून मी सातावर अडखळते. मला फक्त पहिल्या रांगेत उजव्या टोकाची खुर्ची दे. तू त्याच बाजूला उभा राहतोस ना? तिथे बसले की सगळे माझ्या डावीकडे येतील, आणि सगळ्यांत जवळ तू. आणि हो, आईला अजून सांगायचंय. तेव्हा तू माझ्या डाव्या बाजूला बस.

तुझीच,
एका कानाची ताई