अख्खं ठेवलेलं भंगार

लातूर, १४ ऑगस्ट २०१८

ती. दाजींस,
ग्यानोबाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, शेजारी क्लासची पोरं अभ्यास करतात. म्हणून पत्र. अक्काचे गुडघे कसे आहेत?

इकडं क्लासवाल्यांनी जुने संगणक बदलायचा सपाटा लावलाय. परीक्षा संगणकावर आल्या, मग प्रत्येकाला यंत्र नवं कोरं पाहिजे. जुनं सगळं माझ्या भंगारच्या शेडमध्ये येऊन पडतं. धंदा आहे, पण जीव बेजार आहे. तांबं काढायला वायरी जाळाव्या लागतात आणि त्या धुरानं सरजाबाईचा खोकला हटेना. भूकंपानंतर किल्लारीच्या ढिगाऱ्यात माझ्याबरोबर सळया वेचायला उतरली, तेव्हापासून माझ्याकडं कामाला असलेली बाई. डॉक्टरनं सांगितलं, धूर सोडा नाहीतर काम सोडा. काम सोडून खायचं काय, ते मात्र त्यानं लिहून दिलं नाही. ती मला म्हणते की कामावरून काढलंस तर तुझ्याच दारात येऊन खोकत बसीन.

परवा चहाच्या टपरीवर दोन कारकून बोलत होते, माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. ई-कचऱ्यासाठी सरकारची योजना आलीय. संकलन केंद्राची परवानगी काढली की अनुदान मिळतं, न जाळता वायर सोलायचं यंत्रही मिळतं म्हणे. मिळालं तर जाळ कायमचा बंद करीन. तुमचा जन्म कचेरीत गेला. जरा वाट दाखवा.

लोभ आहे तेवढा राहू द्या, वाढवलात तर ठेवायला जागा आहे.
आपला,
ग्यानोबा


नांदेड, ९ सप्टेंबर २०१८

चि. ग्यानोबास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या कानांपैकी एक मला पाठव, उपयोगी पडेल. अक्काचे गुडघे तिच्यासारखेच आहेत, आमचं ऐकत नाहीत.

तुझ्यासाठी चार कचेऱ्या हिंडलो. माझ्या हाताखाली शिकलेल्या माणसांनी खुर्ची दिली, चहा दिला. उत्तर तेवढं कुणाकडं नव्हतं. हा विषय ह्या टेबलाचा नाही, एवढंच सगळ्यांना पाठ. शेवटी एका भल्या माणसानं सांगितलं की योजना खरी आहे. आधी साहेब शेड बघणार, मग परवानगी, आणि अनुदान मार्चअखेरच्या आत. अर्ज मी लिहून सोबत जोडलाय, सही कर आणि लातूरच्या कचेरीत नेऊन दे. साहेब येतील तेव्हा शेड अशी ठेव की पोरगी दाखवायचा कार्यक्रम तिथंच करावा. धुतलेला सदरा घाल, हा निरोप अक्काचा.

तुझा,
अमृतराव


लातूर, २० नोव्हेंबर २०१८

ती. दाजींस शि. सा. न. वि. वि.

साहेब येऊन गेले. सदरा धुतलेला होता, बाकी सगळं बिघडलं.

दिवाळीतसुद्धा सुट्टी न घेता आम्ही राबलो. आलेला एकूण एक संगणक फोडला. काच एकीकडं, पत्रा एकीकडं, तांबं वेगळं, हिरव्या सर्किटच्या पाट्या वेगळ्या. आमच्या धंद्यात अख्खं यंत्र पडून दिसलं की मालक आळशी, हे तर तुम्हालाही माहीत. सरजाबाईनं दारात रांगोळी काढली.

साहेब पोरसवदा. ढीग बघून त्यांचा चेहराच उतरला. संगणक कुठं आहेत म्हणून विचारलं. मी छाती फुगवून सांगितलं की हेच ते. तर म्हणाले, संकलन केंद्रानं माल फक्त गोळा करायचा आणि जसाच्या तसा मोठ्या कारखान्याला द्यायचा. फोडायची परवानगी वेगळी, ती तुम्हाला नाही. खरं तर शेडला सील ठोकायला पाहिजे, पण वयाकडं बघून सोडतो. सरजाबाईनं खोकत खोकत विचारलं की साहेबांना किती पाहिजेत, पुन्हा जोडून देऊ का. ते हसलेसुद्धा नाहीत.

वायरीचा ढीग अजून पडलाय. जाळावा तर बाई जाते, ठेवावा तर धंदा जातो. तुमच्याजवळ बोललो, बरं वाटलं. मायेत खंड नसावा.
ग्यानोबा


नांदेड, २ डिसेंबर २०१८

चि. ग्यानोबास आशीर्वाद.

नियम मी वाचला होता. पण हाताला लागलेलं उघडल्याशिवाय तू ठेवत नाहीस, हे ध्यानात यायला पाहिजे होतं. तुझ्या लग्नात मी दिलेलं घड्याळ तू मांडवातच खोललं होतंस.

पुन्हा अर्ज टाकलाय. साहेब आणखी एकदा येतील. तोवर एकही यंत्र फोडू नको. वायरीच्या ढिगाला काडीही लावू नको. अक्का म्हणते सरजाबाईला हवापालटाला इकडं पाठव. येणार नाही, हे तिलाही ठाऊक आहे.

अमृतराव


लातूर, १० एप्रिल २०१९

ती. दाजींस शि. सा. न. वि. वि.

परवानगी मिळाली. पेढे पाठवत नाही, पुढं वाचा.

चार महिने अख्खे संगणक रांगेनं लावून ठेवले. कामावरच्या बाया हात बांधून त्यांच्याकडं बघत बसायच्या. सरजाबाई म्हणायची की भूकंपात भांडं, दार, माणूस, काही अख्खं हाती लागलं न्हाई, आणि आता सरकार म्हणतंय अख्खं बघत बसा. मार्चच्या शेवटी साहेब आले, लई खूश झाले, फोटो काढले. अनुदानाचं विचारलं तर यंदाचा निधी परत गेलाय. यंत्राचं विचारलं तर ते फोडणाऱ्यांना, गोळा करणाऱ्यांना नाही. टपरीवर मी अर्धंच ऐकलं होतं. तुमच्यापेक्षा माझे कान कामातून गेले म्हणायचे.

वायरीचा जुना ढीग न जाळताच, मिळेल त्या भावात विकला. आता फोडणं नाही, तर वायर नाही, जाळ नाही, आणि हाताला कामही नाही. बाकीच्या बाया क्लासच्या पोरांच्या मेसवर चपात्या लाटायला गेल्या. सरजाबाईचा खोकला बसत आलाय. तिला म्हटलं, घरी बस, पगार पोचवतो. तिनं ऐकलं नाही. रोज येते आणि यंत्रांवरची धूळ पुसते.

काल एका क्लासमधून संगणकाचा जुना पडदा आला. सवयीनं माझा हात हातोडीकडं गेला. हातोडी जागेवर नव्हती. सरजाबाईनं कुठं ठेवलीय, विचारून थकलो, सांगत नाही.

मीही आता शोधत नाही. अक्काला नमस्कार. आमच्यावरची नजर अशीच असू द्या.
आपला,
ग्यानोबा