प्रतिस्पर्ध्याला दिलेली बग्गी

लडब्रुक, मतदानाचा पहिला दिवस, संध्याकाळ

तीर्थस्वरूप जेरेमाया काकांस, पुतण्या अ‍ॅम्ब्रोजचा आदरपूर्वक नमस्कार.

तुमच्या पायाच्या अंगठ्याची ठणक कमी असेल आणि डॉक्टरने बंद केलेली पोर्ट वाइन तुम्ही चोरून घेत नसाल (घेत असाल तर थोडीच), अशी आशा करतो. इकडे तुमची सून लव्हिनिया खुशाल आहे, पण माझ्याशी बोलत नाही. कारण सांगतो.

आपल्या काउंटीची पार्लमेंटातली जागा बाबांनंतर माझ्याकडे आली आणि टिकली, ती विरोधात कुणी उभंच राहिलं नाही म्हणून. तिथे मी एकदाच बोलायला उठलो; त्याच क्षणी समोरचे एक म्हातारे सभासदही उठले, तेव्हा "आधी आपण" म्हणून मी बसलो, तो अजून बसलेलोच आहे. यंदा मात्र सीबर्न नावाचा लोकरीचा व्यापारी उभा राहिलाय. बोलतो काय, हसतो काय! सकाळपासून अन्न गोड लागत नाही (अंडी आणि हॅम खाल्लं, पण नाइलाजाने).

आज चौकातल्या मंचावर चढून जो तो आपल्या उमेदवाराचं नाव मोठ्याने सांगत होता. माझी पाळी आली. सगळं गाव बघत असताना स्वतःचंच नाव कसं घ्यायचं? बाबांची शिकवण अशी, की सभ्य गृहस्थ आपलं मत प्रतिस्पर्ध्याला देतो आणि प्रतिस्पर्धी त्याला. मी खणखणीत आवाजात म्हणालो, "सीबर्न!" टाळ्या पडल्या. मग सीबर्न वर चढला. मी टोपी काढून, मान लववून उभा राहिलो. तो म्हणाला, "सीबर्न!"

लोक हसून हसून लोळले. लव्हिनिया म्हणाली, "अहो, उद्या त्याने मला मागितलं तर मलाही देऊन टाकाल, वर बग्गी जोडून द्याल!" आता संध्याकाळी आकडे लागले, तर आम्ही बरोबरीत. काका, मला फार भीती वाटतेय. ही जागा गेली तर मी करू काय? मला दुसरं काही येत नाही (हेही येतं असं नाही).

तुमचा आज्ञाधारक,
अ‍ॅम्ब्रोज

ता.क. तुमची जमीन याच काउंटीत आहे, म्हणजे तुम्हाला मत आहे. तुमच्या सफरचंदाच्या बागेतून मी रेल्वे जाऊ दिली (त्यांनी फार अदबीने विचारलं होतं हो), ते एवढ्यापुरतं विसरा आणि उद्या नक्की या. माझी बग्गी पाठवतोय.

आणखी एक ता.क. बग्गीत सीबर्नसाहेब आहेत. त्यांच्या गाडीचं चाक मोडलं, तुमच्याच भागात मतं मागायला जायचं होतं, आणि त्यांनी इतकं गोड विचारलं! हे पत्रही तेच पोचवतील. सभ्य माणूस आहे, वाचणार नाही. येताना त्यांच्याच शेजारी बसावं लागेल, पण वाटेत एक शब्दही बोलू नका. त्यांनी काही मागितलं तर आपल्या घराण्यात कुणाला नाही म्हणता येत नाही. आणि लव्हिनियाला बग्गीचं कळू देऊ नका.