घाटावर कोण उतरलं होतं

कोल्हापूर
बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५

आक्का,

पाया पडते. आईचा गुडघा आता कसा आहे? इकडे आम्ही बरे आहोत. स्वप्नालीची चौथीची परीक्षा जवळ आली. कॉलेजात माझे तास चालू आहेत.

बरे आहोत हे खोटं आहे. पण सुरुवात कशी करायची तेच कळेना. तू फोन घेत नाहीस, आईला लावला तर ती बोलता बोलता रडायला लागते. म्हणून लिहिते. फाडू नकोस गं. शेवटपर्यंत वाच.

स्नेहल कुणाकडं राहायची त्या खटल्यात मागच्या तारखेला काय झालं ते आईनं सांगितलं. विश्वजितदाजींच्या वकिलानं दिवाळी अंक पुढं केला आणि माझ्या कथेचं पान मोठ्यानं वाचलं. कुरुंदवाडची एक बाई, मूल होत नाही म्हणून डोकं फिरलेली, बहिणीचं सव्वा महिन्याचं बाळ घेऊन घाटाच्या पायऱ्या उतरते. "आणि हे बाहेरच्यानं नव्हे, सख्ख्या बहिणीनं लिहिलंय, साहेब. असल्या बाईच्या हाती सहा वर्षांची पोर द्यायची?" तू म्हणे मान खाली घालून उभी होतीस. कबनूरला दाजींच्या घरी तुझी स्नेहल यंत्रमागांच्या खडखडाटात झोपते आणि तू तिला महिन्यातनं दोनदा, दोन-दोन तास बघतेस. सोमवारी पुढची तारीख आहे.

ती कथा आहे, कथेवरनं कोर्ट काय ठरवणार, असं मी आधी म्हणाले. पण कथेला बक्षीस मिळालं त्या सत्काराचा व्हिडिओ आहे की! फेटा बांधून, शाल पांघरून मी माइकपाशी उभी. कुणीतरी विचारलं, हे पात्र कुठं भेटलं? मी फुशारकीनं म्हणाले, "माझी थोरली बहीणच आहे ती." टाळ्या पडल्या. मला त्या टाळ्या आवडल्या, आक्का. थोबाड फोडावं माझं.

आणि लाज बघ. आदल्याच वर्षी चर्चासत्रात मी निबंध वाचला होता, आपल्या कथांमधल्या वेड्या बायकांवर. पुरुषाला वेड लागलं की तो मोठं काहीतरी बोलतो आणि गाव त्याच्या पाया पडतं. बाईला लागलं की तिचे केस सुटतात, ती खदाखदा हसते, मांडीवर बाहुली घेते आणि शेवटच्या पानावर विहिरीत जाते. बाई, जेवलीस का, झोप लागते का तुला, असं तिला कुणी विचारत नाही. तावातावानं बोलले मी. चहाच्या वेळी बायका माझे हात हातात घेऊन गेल्या. आणि घरी येऊन काय लिहिलं? तुझे केस सोडले. तुला खदाखदा हसवलं. तू जन्मात कधी तशी हसली नाहीस.

परीक्षकांनी एका वाक्याचं फार कौतुक केलं. 'तिनं बाळ पाण्यावर ठेवलं, दिवा सोडावा तसं.' एवढं नेमकं कसं सुचलं, म्हणाले.

सुचलं नव्हतं. आठवत होतं.

आता लिहिते.

सव्वा महिना झाला म्हणून आपण तिघी नदीची ओटी भरायला निघालो. नारळ घरीच राहिला, म्हणून आई अर्ध्या वाटेतनं माघारी फिरली. घाटावर तू आणि मी. पोर माझ्या हातात होती. महिनाभर मला झोप नव्हती. ती रडली की छातीत धस्स व्हायचं, गप्प झाली की त्याहून जास्त. मुलगी झाली म्हणून नव्हे गं, मला मुलगीच हवी होती. पण सांगायचं कुणाला? बाळंतिणीनं रडू नये, डोळे जातात, एवढंच आई म्हणायची. पाणी बघून मला वाटलं, आता दोघींनाही झोप लागेल. कमरेएवढ्या पाण्यात गेले आणि स्वप्नालीला पाण्यावर ठेवलं.

तू साडीसकट उडी घेतलीस. एका हातात पोर, दुसऱ्या हातात माझी वेणी. पायरीवर आणून माझ्या मुस्काटात दोन दिल्यास, मग पोटाशी धरलंस. लोक जमले तेव्हा पोर तुझ्याकडं होती. तूच ओरडलीस, "मीच उतरलेली पोरीला घिऊन! पूर्णी मला धरायला आली. तिचा काय दोष न्हाय!"

माझ्या सासरी कळू नये म्हणून. मला कुणी टाकू नये म्हणून. तुला तेव्हा मूल नव्हतं, लोकांना तेवढं पुरलं. तुला बघून बायका पोरं पदराआड घ्यायला लागल्या. बारशाची बोलावणी बंद झाली. तू एका शब्दानं बोलली नाहीस. उलट रोज फोन करून मलाच विचारायचीस, "झोपलीस का गं? जेवलीस?"

आणि मी तेच खोटं उचललं, सजवलं, छापलं. लोकांकडनं ऐकून ऐकून मलाही ते खरं वाटायला लागलं होतं, असं लिहिणार होते. तेही खोटं. ते तुझ्या नावावर असलं की मला झोप लागायची, एवढंच.

आज सकाळी ह्यांना सगळं सांगितलं. चहा तसाच ठेवून उठले, गाडी काढली आणि गेले. तीन वाजले, फोन उचलत नाहीत. आता स्वप्नाली शाळेतनं येईल, तिला काय सांगू? मला भीती वाटते, आक्का. तिला माझ्यापासनं नेतील. तुझा जीव कसा होत असेल ते आज कळतंय, आणि कळायला माझ्याच पोरीवर यावं लागलं.

सोमवारी मी येणार आणि साक्ष देणार. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. "तिला काय कळतंय, ल्हान हाय ती," म्हणून मला अडवशील. अडवू नकोस. छत्तीस वर्षांची झाले मी. आणि मला इथंच कुणी रोखून धरलं, मी आले नाही, तर हे पत्र तुझ्या वकिलांच्या हातात दे. मी आजारी होते आणि ते ओळखणारी तू एकटी होतीस, हे त्यांना वाचू दे. स्नेहलला घरी आण.

तुझी लाडकी पूर्णी असं लिहायचं तोंड मला राहिलं नाही, आणि कोर्टाला तशी सही चालायचीही नाही. म्हणून,

स्वतःची मुलगी पाण्यात सोडणारी,
पूर्णिमा बाळासो चौगुले