विकायचं आधी कुणी?

५ मार्च
चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक, फक्त डोळ्याला डोळा लागत नाही आणि घास उतरत नाही. आम्ही निवृत्त होताना खाणीने मला आणि माझ्या हाताखालच्या टोळीला शेअर दिले होते. पुढे सरकारने खाणच काढून घेतली. आता खाणीची परदेशी मालक कंपनी म्हणते, परदेशात लवादापुढे भांडून भरपाई आणू. तू वकिलाकडे कामाला, म्हणून विचारतो. लवाद म्हणजे कोर्टच का? जिंकलो तर खाण परत मिळेल? हरलो तर वकिलांची फी माझ्या पेन्शनीतून कापतील का? तुझी काकू म्हणते, आधी जेवा, मग हरा.

एक दलाल आमचे शेअर घ्यायला तयार आहे, पण महिनाअखेरपर्यंतच. विकू की ठेवू? काकावरचा लोभ शेअरसारखा उतरू देऊ नकोस.
तुझा काका

११ मार्च
ती. काकांना,
सा. न. वि. वि. तुमच्या पेन्शनीला कुणी हात लावणार नाही. फार तर शेअर बुडतील. तेव्हा जेवा! लवाद म्हणजे दोन्ही बाजूंनी मान्य केलेले पंच. खाण बहुधा परत मिळत नाही, मिळाली तर भरपाई, आणि ती वसूल व्हायला वर्षं जातात. आली की आधी खटल्याला पैसा पुरवणारे, मग बँका, उरलं तर भागधारक. तुम्ही रांगेत शेवटी.

साहेब म्हणाले, ज्याला गरज आहे त्याने विकावं. तुमच्या टोळीतल्या सुरुंगवाल्या काकांचं डोळ्याचं ऑपरेशन पैशांवाचून अडलंय ना? ते का थांबलेत?
काकूंना नमस्कार. तुमची माया आहेच, काळजी तेवढी कमी करा.
तुमची चिमणी

१७ मार्च
चि. चिमणीस,
आशीर्वाद. सगळा घोळ तिथेच आहे. खाणीत उतरताना मुकादम आधी. मी छत ठोकून बघायचो, मग टोळी यायची. म्हणून सगळे म्हणतात, आधी मुकादमाने विकावं. पण वर येताना मुकादम शेवटी. माणसं खाली ठेवून मी कधी वर आलो नाही, म्हणून मी त्यांच्यासाठी थांबलोय. दलाल चकरा मारून दमला. सुरुंगवाल्याला माझा चेहरा दिसेना, तरी हट्ट सोडत नाही. काय करू?
तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
काका

२२ मार्च
ती. काकांना,
सा. न. वि. वि. पत्र वाचून हसू आवरेना, मग काळजी वाटली. आता एवढंच ठरवा: विकणं म्हणजे खाणीत उतरणं, की वर येणं? टोळीलाच विचारा. आशीर्वाद असू द्यावा.
तुमची चिमणी

३१ मार्च
चि. चिमणीस,
आशीर्वाद. तुझ्या प्रश्नावर न्हाव्याच्या दुकानात दोन दिवस भांडण झालं. शेवटी सुरुंगवाला म्हणाला, ज्या खाणीत आपलं काही उरलं नाही तिच्यातून निघणं म्हणजे वर येणंच. मग त्यानेच पहिली सही केली. त्याला दवाखान्याची तारीखही मिळाली. एकेक करून सगळे मोकळे झाले.

मग दलालाने पेन माझ्यापुढे केलं. मी ते घेतलं नाही. काकू दोन दिवस बोलत नाही, पण तुला खरं सांगतो. आयुष्यभर त्या खाणीतला दगड फोडला, त्याची किंमत किती हे मला कुणी कधी सांगितलं नाही. आता परक्या देशातले पंच बसून ती ठरवणार आहेत. पैसे येवोत न येवोत, तो आकडा मला ऐकायचाय. किती वर्षं लागतील गं? तोवर मी जेवतो.
तुझा काका