पिंजऱ्यातलं वीझल

दादा,

मी आईला घेऊन बाजारगावच्या दवाखान्यात जातेय. शेजारच्या छियाओकाकांनी त्यांची तीनचाकी काढलीय.

वहिनीला आणायला जाताना तू सांगून गेलास तसंच केलं होतं मी. पिंजरा खुराड्याच्या भिंतीला चिकटून, आत माशाचं डोकं, वरून पेंढा. पहिल्याच खेपेला कोंबड्या पळवणारं ते मुंगसासारखं पिवळं वीझल अडकलं! मी हरखून आईला बोलावलं. तिच्या लेखी वीझल म्हणजे देवच, तिनं कपाळच बडवून घेतलं. "कार्टे, पिवळ्या महाराजांना कोंडतेस?" म्हणत पिंजऱ्याचं दार उघडलं नि पुढ्यात हात जोडून बसली. ते तिच्या बोटाला कडकडून चावलं आणि मक्याच्या ढिगात पळालं.

कुत्रं चावल्यावर देतात ते इंजेक्शन लागणार आहे, पण ती नकोच म्हणते. बोटातून रक्त गळतंय आणि ही हसतेय. "बरं झालं, महाराजांचा राग निघाला. आता माझी सून परत येईल." वहिनी माहेरी का निघून गेली ते तुला-मला ठाऊक आहे. आईला मी काय सांगणार?

वहिनी तुझ्याबरोबर आली असेल, तर दोघं तडक दवाखान्यात या. तिचा शब्द आई मोडत नाही. एकटाच आला असशील, तर येऊ नकोस. टोपलीत वाफेचे पाव आहेत, ते खा, आणि आज तरी बाटली काढू नकोस. तुला एकटं बघितलं, तर आई महाराज अजून रुसलेत म्हणेल आणि सुई जवळही येऊ देणार नाही. मला ती आवरत नाहीये, दादा.

शुयुन