स्तोइल्काकाकूंचं घेवड्याचं बी

तीर्थरूप आत्यास व्हेलिनचा नमस्कार.

तुझे गुडघे आता जिना चढू देतात ना? आतोबांचा खोकला थांबला का? इथं सगळे मजेत आहेत, मी सोडून. आणि माझ्या या दशेला तुझे वडील जबाबदार आहेत, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं वाचताना तू त्यांची बाजू घेणार नाहीस.

शेजारच्या स्तोइल्काकाकूंची मुलगी एलित्सा तुला आठवत असेल. (नसेल आठवत तर कळवू नकोस, मला राग येईल.) गेल्या वर्षी अर्दा नदीकाठच्या ओलीत त्यांचा घेवडा उगवायच्या आतच बुरशीनं कुजला. उरलं ओंजळभर बी, काकूंना त्यांच्या आईनं लग्नात बांधून दिलेल्या वाणाचं, जांभळ्या ठिपक्यांचं. ते त्यांनी माझ्या हवाली केलं, कारण शेतकी कॉलेजात मी दीड वर्ष काढलंय. (का सोडलं ते पुन्हा विचारू नकोस. त्या मास्तरनं माफी मागितली असती तर सोडलं नसतं.) काकू म्हणाल्या, "याला शेंगा लागू देत, मग एलित्साचं बोलू."

झालं! मी बी रुजवायला घेतोय म्हटल्यावर गावातली एकेक बाई सल्ला द्यायला दारात. कुणी म्हणे चुन्याच्या निवळीत बुडव, कुणी म्हणे नुसती राख चोळ. दोघींशी तर माझं कडाक्याचं भांडण झालं. शेवटी कॅमोमाइलच्या फुलांचा गार काढा केला, त्यात लसूण ठेचून घातला, बी सकाळी भिजवलं आणि वरून चोळायला चुलीतली राख चाळायला अंगणात गेलो. कुंपणापलीकडे एलित्सा कपडे वाळत घालत होती, त्यामुळे राख चाळणं दुपारपर्यंत चाललं.

आत आलो तर आजोबांनी बी मातीच्या मडक्यात पुदिना घालून शिजवलेलं! वर मलाच म्हणतात, "भिजवलेले घेवडे, त्यात लसूण! म्हटलं, पोरगं एकदाचं कामाला लागलं." मी ओरडलो, "आजोबा, ते बी होतं!" तर म्हणाले, "बी होतं होय? मग एवढा कांदा घातला नसता तरी चाललं असतं." एवढ्यावर थांबले असते तरी मी गिळलं असतं. पण त्यांनी शेजारधर्म म्हणून एक वाडगा कुंपणापलीकडे पोचवला होता. काकूंनी तो चाटूनपुसून खाल्ला आणि हाक मारून सांगितलं, "व्हेलिन, कसला मऊ घेवडा रे! आमच्या वाणासारखाच लागतो!"

मी आजोबांशी बोलणं टाकलंय. त्यांच्या ते अजून लक्षात आलेलं नाही.

तुझा,
व्हेलिन

ता. क. काकूंनी हाच वाण तुलाही दिला होता ना? असेल तर मूठभर पाठव. पेरणी तोंडावर आलीय.

ता. क. २. पाठवू नकोस, स्वतःच घेऊन ये, आणि येताना चांगला झगा घाल. मागणी घालायला घरातलं वडीलधारं माणूस लागतं आणि आजोबांना मी पाठवणार नाही. एलित्साला मी सगळं सांगितलं. ती भिंतीला टेकून हसली आणि म्हणाली, शेंगा लागेपर्यंत थांबायची तिची मुळीच तयारी नाही.